गाडीच्या पडद्यावरची नावं

आमच्या गाडीतली फोनची वायर माझ्यामुळे गेली आणि माझ्यामुळेच परत आली. मधल्या आठ दिवसांत काय झालं ते सांगतो. तोकमोकपासून बिश्केकपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना ते माहीत आहेच. पण ते सांगताना लोक भलत्याच ठिकाणी हसतात.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, एल्दारची. म्हणजे कमाई त्याची. तो कोरियात जहाजांच्या पत्र्यांना जोड मारतो. गाडीचे कागद माझ्या नावावर, कारण घरातला थोरला मी. ती उभी राहते आपाच्या, म्हणजे आमच्या आईच्या अंगणात, गोठ्याला लागून, कारण धाकट्याने आईजवळ राहायचं असतं, मग तो कोरियात असला तरी चालतं. आणि चालवते बेगीमाय, एल्दारची बायको. चालवता येणारी घरात तेवढीच. परवाना माझ्याकडेही आहे, पण माझी मान डावीकडे वळत नाही.

बेगीमाय शिकलेली नर्स. लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली. चार वर्षं तिने गाय, आपा आणि समोवार या तीन रुग्णांची सेवा केली. गेल्या शरदात तिला शहरातल्या एका प्रसूतिगृहात जागा मिळत होती. पाळी सकाळी सातची. आमच्या नव्या वस्तीतून त्या वेळी मिनीबस सुटत नाही, त्यामुळे तिला दोन गोष्टी हव्या होत्या: गाडी, आणि घरचा होकार. दोन्ही माझ्या हातात होत्या.

तिने मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी म्हणालो, "बघू."

मी विरोधात होतो असं कुणी समजू नये. मी विद्यापीठात लोकसंस्कृती शिकवतो, आणि दर वर्षी आठ मार्चला स्त्रियांच्या सन्मानावर माझंच भाषण असतं. पण घरात काही क्रम असतो. एल्दार फोनवर म्हणायचा, आके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतील तसं. मी म्हणायचो, आपा म्हणेल तसं. आपा म्हणायची, बायको एल्दारची आहे, त्याला विचारा. हे रिंगण आम्ही वर्षानुवर्षं इतकं घासून गुळगुळीत केलं होतं की त्यावर कुठलाही निर्णय ठरत नसे, घरंगळून पुढच्याकडे जाई.

चौथ्यांदा ती चहा ओतता ओतता म्हणाली, "आके, मोठ्या सिस्टर, रोझा शारशेनोव्ना, रविवार संध्याकाळपर्यंतच थांबणार आहेत. सोमवारी दुसरीला घेतील."

"मग रविवारी सांगतो," मी म्हणालो. "तसंही रविवारी तोकमोकला जायचंय. तू लांबचा रस्ता कशी चालवतेस तेही बघून घेऊ."

ती दोन वर्षं आम्हा सगळ्यांना लांबच्या रस्त्यांवर नेत-आणत होती. "बरं, आके," ती म्हणाली, आणि पेला दोन्ही हातांनी पुढे केला.

आता डबीचं सांगायला हवं.

गाडीला समोवारच्या तबकाएवढा पडदा आहे. फोन वायरने जोडला की फोनमधलं सगळं त्यावर दिसतं: नकाशा, गाणी, कोणाचा फोन आला ते. मला ती वायर बघवत नसे. कुठल्याही बंधनाविषयी मला मुळातच तिटकारा. म्हणून मी मोटारबाजारात जाऊन काडेपेटीएवढी एक डबी आणली. ती गाडीत एकदा खोचली की वायर लागत नाही. गाडी सुरू होताच फोन खिशात असो, पिशवीत असो, आपोआप जोडला जातो.

डबी विकणाऱ्याने गुरुजींना मारतात तशी हाक मारून विचारलं होतं, "गाडी कोण चालवतं, मुआल्लिम?"

"आमची केलिन, घरातली सून."

"मग एकदा तिला विचारून घ्या. गेल्या महिन्यात एकाने बायकोला न विचारता बसवली, दुसऱ्या दिवशी स्वतःच परत घेऊन आला. काय झालं ते सांगेना, डबी मात्र अर्ध्या भावात देऊन गेला. ती हीच."

मी हसलो. मला वाटलं, हा कमी शिकलेल्या लोकांचा प्रश्न आहे.

घरी डबी बसवली तेव्हा बेगीमायने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "आके, वायर बरी होती. हवी तेव्हा लावायची, नको तेव्हा नाही."

"नको तेव्हा म्हणजे?"

"तसं नाही. बॅटरी खाते म्हणतात."

"माझ्याकडून भेट समज," मी म्हणालो, आणि वर एक सोयही करून दिली: फोन आला की गाडी नावाची घोषणा करील, म्हणजे तिची नजर रस्त्यावरून हलायला नको.  केलिन भेट परत करत नाही.

आमच्यात केलिन आणखीही एक गोष्ट करत नाही. ती नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. सासरा, सासू, दीर, जाऊ, नवऱ्याचा मामा, कुणाचंच नाही. त्याऐवजी ती प्रत्येकाला आपलं असं एक नाव देते. माझा सगळा अभ्यास याच रीतीवर आहे. या नावांचे तीन नियम मी माझ्या निबंधात मांडले आहेत, आणि ते दुसऱ्या कुणीही मांडलेले नाहीत. एक, मूळ नावाच्या पहिल्या आवाजाने ते सुरू होता कामा नये. दोन, माणसाचा असा गुण त्यात यावा की ऐकणाऱ्याला माणूस लगेच ओळखू यावा. तीन, नाव एकदा दिलं की बदलायचं नाही. दूरदर्शनवर मी या रीतीला 'आमच्या लेकीसुनांनी विणलेलं अदृश्य काव्य' म्हणालो होतो. मुलाखत घेणारीने विचारलं होतं, तुमची केलिन तुम्हाला काय म्हणते? मी अभिमानाने सांगितलं होतं, "तोरो-आके." तोरो म्हणजे सरदार, उमराव. बेगीमाय मला तोंडावर हेच म्हणते. आपल्याला कोण कुठल्या नावाने ओळखतं याचा माणसाला एकच पुरावा मिळतो, तो म्हणजे तोंडावरचा. संशोधक म्हणून मला हे सुचायला हवं होतं.

रविवारी मेल्स-तायाकेच्या नातवाचा दोर कापण्याचा समारंभ होता. मूल पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधतात, पोरं शर्यत लावून पळत येतात, आणि पहिला येणारा तो कापतो. मुलाची वाट मोकळी होते. मेल्स-तायाके म्हणजे आपाचा धाकटा भाऊ. माझी बायको दामिरा स्वयंपाकाला मदत म्हणून पहाटेच पुढे गेली होती. गाडीत आम्ही तिघं. आपा पुढे, मी मागे, बेगीमाय चाकावर.

वडीलधाऱ्यांकडे केलिन पाठ करत नाही, खोलीतूनही मागे सरकत सरकत बाहेर जाते. गाडी मात्र तशी चालवता येत नाही. त्यामुळे दोन वर्षं मी बेगीमायची पाठ बघत होतो, आणि ती मधल्या आरशातून मला. घरी आम्ही कधी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

पडद्यावर आलं: फोन जोडलेला नाही.

"बेगीमाय, फोन?"

"बंद करून ठेवलाय, आके. रस्ता पाठ आहे."

"रस्ता पाठ असला की माणूस चुकतो," मी म्हणालो. असली वाक्यं मला वर्गासाठी तयार ठेवावी लागतात. "आण इकडे."

तिने पिशवीतून फोन काढून दोन्ही हातांनी मागे दिला. मी तो सुरू केला, जोडणी चालू केली, पिशवीत घातला, आणि उतरून ती पिशवी भेटींच्या गाठोड्यांखाली मागच्या कप्प्यात ठेवून आलो. पडद्यावर नकाशा उमटला. गाडीतली बाई, जी चीनमध्ये जन्मली आणि रशियनांसारखे उच्चार करते, म्हणाली, "फोन जोडला गेला आहे."

"बघ," मी म्हणालो. "वायर नाही, काही नाही."

कांत गाव मागे पडलं आणि पहिला फोन आला.

"मीठ कमी," गाडीतली बाई म्हणाली. "मीठ कमी आपल्याला फोन करत आहेत."

पडद्यावरही मोठ्या अक्षरांत तेच. बेगीमायची पाठ ताठ झाली. तिने चाकावरचं बटण दाबलं आणि गाडीत माझ्या बायकोचा आवाज घुमला. "कुठे पोचलात? येताना मोठी कढई आणायची होती, विसरलात ना? आणि इथल्या रश्श्याला काही चवच नाही, मी दोनदा मीठ टाकलं." फोन बंद झाला.

आपाने चष्मा डोळ्यावर चढवला. "दामिरा बोलली ना आत्ता?"

"हो, आपा."

"मग मीठ कमी कोण?"

बेगीमाय रस्त्याकडे बघत राहिली. मला मात्र हसू आवरेना. बावीस वर्षं मी ते वाक्य जेवताना ऐकत आलोय. "आपा, अगं ही नाव न घेण्याची रीत आहे," मी म्हणालो. "दामिरा हिची जाऊ, तिचं नाव ही कसं घेणार? फोनमध्येसुद्धा घेतलं नाही पोरीने. किती शुद्ध आचरण. आणि गुण कसा नेमका पकडलाय बघ." मी खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं.

"आके, मी ते बदलते," बेगीमाय म्हणाली.

"मुळीच नाही. नियम तीन."

पाच मिनिटांनी बाई म्हणाली, "तिसरा पेला आपल्याला फोन करत आहेत." हा मेल्स-तायाके. तो म्हणाला, पाहुणे जमलेत, मी अजून एक थेंबही घेतलेला नाही. त्याच्या आवाजावरून तो किती थेंबांवर होता हे कळत होतं. आपाला आता गंमत वाटू लागली. भावाविषयी ती गेली चाळीस वर्षं हेच म्हणत होती, फक्त तिने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. तिने पडद्यावर बोट टेकवलं तशी आधीच्या फोनांची यादी उघडली. आपा एकेक अक्षर लावत वाचू लागली.

"दार... कोणी... उघडं टाकलं. हे कोण गं?"

 बेगीमायचे कान लाल झाले. हे वाक्य आमच्या घरात दिवसातून किती वेळा ऐकू येतं ते मी कधी मोजलं नाही, पण म्हणणारी एकच आहे.

 आपाचे खांदे हलू लागले, आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "पण दार राहतंच की उघडं," ती म्हणाली. "सगळी ऊब बाहेर जाते. मी खोटं बोलते का?"

"नाही, आपा," बेगीमाय म्हणाली, आणि तीही हसली. तिला हसताना मी त्याआधी पाहिल्याचं आठवत नाही.

आपाचं बोट खाली सरकलं. "आणि हे, नेटवर्क नाही? वीस दिवसांपूर्वीचं दिसतंय."

बेगीमायचं हसू थांबलं. आपालाही कळलं. तिने बोट काढून घेतलं, रुमालाने पडद्यावरचा ठसा पुसला आणि म्हणाली, "कोरियात डोंगर असतील."

"समुद्र आहे, आपा," बेगीमाय म्हणाली.

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या वहीत चार नावं जमली होती, आणि पाचवं माझं होतं. तोंडावर ती तोरो-आके म्हणते. पण दामिराला तरी ती तोंडावर मीठ कमी कुठे म्हणत होती? आरशात तिचे डोळे एकदा माझ्याकडे आले आणि लगेच रस्त्याकडे गेले. मला वाटलं, संकोचते आहे. काहीतरी मोठं लिहिलं असेल, ज्ञानाचा समोवार वगैरे. माझ्या मागच्या निबंधात एका केलिनने शिक्षक दिराला 'उजेड-आके' म्हटल्याचं उदाहरण होतं. ते मला फार आवडलं होतं.

"आपा, आता गंमत बघ," मी म्हणालो आणि खिशातून फोन काढला.

"आके, नको," बेगीमाय म्हणाली. चार वर्षांत तिने मला नको म्हटलं ते हे एकदाच.

आमच्याकडे म्हण आहे, झोपलेल्या कुत्र्यावर पाय देऊ नये. मी कुत्र्याला आधी हाक मारली, मग पाय दिला. मी तिचा नंबर लावला.

गाडीतल्या बाईने जरा वेळ घेतला.

"बघू-आके," ती म्हणाली. "बघू-आके आपल्याला फोन करत आहेत."

फोन माझ्याच हातात वाजत राहिला. तो बंद करायचं मला सुचेना, त्यामुळे बाईने ते पुन्हा एकदा सांगितलं, तितक्याच सभ्यपणे.

आपाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. या वेळी ती हसली नाही. तिने फक्त मान हलवली, भाजीवाल्याने बरोबर वजन केल्यावर हलवते तशी.

मी वही मिटली. नियम लावून पाहिले, सवयीने. माझं नाव केनेशबेक. सुरुवात 'के'ने नव्हती. गुण असा होता की माझ्या आईने मला क्षणात ओळखलं. रीतीत खोट नव्हती. कुणाकडे तक्रार करावी तर काय करावी? पोरीने नाव घेतलं नव्हतं.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "लोकविनोद आहे."

तोकमोकपर्यंत नकाशाची बाई तेवढी अधूनमधून सरळ जायला सांगत होती.

आपाच्या पोटात काही राहत नाही. पोचल्यावर हात धुतानाच तिने ते बहिणीला सांगितलं, बहिणीने कढईपाशी दामिराला, आणि दामिराने स्वतःचं नाव गाळून सगळ्या बायकांना. मी पुरुषांच्या तंबूत मानाच्या जागी बसलो तोवर बातमी माझ्या आधी तिथे बसलेली होती.

मांस आलं. माझ्या वयाला आणि हुद्द्याला कमरेचं हाड येतं, तेच आलं. मेल्स-तायाकेने तबक पुढे धरलं आणि विचारलं, "घेतोस, केनेश? की बघू?"

अख्खा तंबू हसला. एक म्हातारा तर तळलेला बोर्सोक नरड्यात अडकून मरायचाच. मी हाड घेतलं. ते इतक्या पटकन घेतलं की लोक आणखी हसले.

मग अंगणात दोर कापायचा कार्यक्रम झाला. बाळ मध्ये उभं, पायांत काळा-पांढरा दोर, रडवेलं. पोरं धावत आली, शेजारच्या एका मुलीने सगळ्यांना मागे टाकलं आणि सुरीने दोर कापला. आशीर्वाद द्यायला मला पुढे केलं. दर वेळी मीच देतो. मी तळहात उघडले आणि म्हणालो, वाट मोकळी होवो, पायात काही न अडको, जायचं तिथे वेळेत पोचो. बायकांच्या रांगेत बेगीमाय उभी होती. सगळ्यांबरोबर तिनेही तळहात तोंडावरून फिरवले आणि आमीन म्हटलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, दोराच्या तुकड्यांकडे बघत होती.

निघताना मेल्स-तायाके मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, पोर नोकरीचं विचारतेय म्हणे. हो म्हणून टाक. नाव पुसून जाईल."

दारूच्या वासातून आलेला तो शहाणा सल्ला होता, आणि म्हणूनच तो मला झोंबला. हो म्हणायचं मी खरंच ठरवत आणलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. सकाळी घरून निघतानाच मनात होतं की संध्याकाळी सांगून टाकू. पण आता हो म्हटलं तर सगळं तोकमोक म्हणणार, काडेपेटीएवढ्या डबीने केनेशबेकला वाकवलं. नाही म्हटलं तर म्हणणार, सुनेवर सूड उगवला. दोन्ही बाजूंनी माझी विद्वत्ता अडकली होती.

परतीला दामिरा माझ्याशेजारी होती. आल्यापासून ती मला एका अक्षराने बोलली नव्हती, आणि हे मौन मीठ कमीवरून होतं की बघूवरून ते मी विचारलं नाही. ऊन उतरलं होतं. डोंगरांवर ताजा बर्फ पडलेला दिसत होता. कांतच्या अलीकडे बाई बोलली.

"रोझा शारशेनोव्ना आपल्याला फोन करत आहेत."

पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्या फोनमध्ये ज्याला स्वतःचं नाव होतं असं हे एकच माणूस मी ऐकलं.

बेगीमायने बटण दाबलं.

"बेगीमाय, बाळ, मी बोलते. गाडीत आहेस का?"

"हो. घरचे सोबत आहेत, रोझा शारशेनोव्ना. सगळं ऐकू येतंय सगळ्यांना."

"मग बरंच झालं. सगळ्यांसमोरच सांग. उद्या सातला येतेस की नाही? मला यादी आत्ता द्यायचीये. दोघी रजेवर गेल्यात, तीन बायका कळा देतायत, माझ्याकडे वेळ नाही."

 बेगीमायने गाडी हळू केली, बाजूला घेतली आणि थांबवली. मग आरशात पाहिलं. या वेळी नजर रस्त्याकडे गेली नाही, कारण आमची गाडी उभी होती, बघायला रस्ता उरला नव्हता.

दामिराने मला कोपराने ढोसलं. आपा पुढूनच म्हणाली, "केनेश, तुला विचारतायत. माझी हरकत नाही. गाय मी काढीन."

रिंगण तुटलं होतं. आपाने हात काढून घेतला होता, आणि एल्दार तर नेटवर्कमध्येच नव्हता. निर्णय घरंगळत येऊन माझ्याच पायाशी थांबला. तीन बायका माझ्याकडे बघत होत्या, चौथी ऐकत होती. मला एकच शब्द म्हणायचा होता, दोन अक्षरांचासुद्धा नाही, आणि मी तोंड उघडलंही. पण मनात आलं, हे असं गाडीत, फोनवर, परक्या बाईसमोर, काल-परवाच्या डबीच्या सांगण्यावरून ठरवायचं? घरी जाऊ. चहा घेऊ. शांतपणे...

"बघू," मी म्हणालो.

गाडीच्या चारी कोपऱ्यांतून शांतता ऐकू आली. ध्वनियंत्रणा चांगली आहे.

"हे कोण बोललं?" रोझा शारशेनोव्नांनी विचारलं.

"माझे थोरले दीर."

"तेच का ते?"

"तेच," बेगीमाय म्हणाली.

"असं." पलीकडे कुणीतरी कण्हत होतं. "बरं बाळ, मी आता काय म्हणणार? मी दुसरीचं नाव लिहिते. वसंतात कुणी सोडून गेलं तर तुला कळवीन. गाडी सांभाळून चालव."

पडद्यावर नकाशा परत आला. "सरळ जा," बाई म्हणाली. बेगीमायने आरसा पाहिला, खूण दिली, नियमाप्रमाणे गाडी रस्त्यावर घेतली. घरी पोचल्यावर तिने आधी आपाला उतरवलं, मग गाठोडी, मग समोवार पेटवला.

सोमवारी मी डबी काढून घेतली. घरात सांगितलं, बॅटरी खाते. मोटारबाजारातल्या त्या माणसाने काही विचारलं नाही, ड्रॉवर उघडून आत टाकली आणि म्हणाला, "तुम्ही दुसरे." वायर परत आली.

माझा निबंध हिवाळ्यात छापून आला. त्या रविवारची नावं त्यात नाहीत; पुरेसा पुरावा मिळाला नाही म्हणून मी ती गाळली. वसंतात कुणी नोकरी सोडली नाही. बेगीमाय अजून मला तोरो-आकेच म्हणते आणि पेला दोन्ही हातांनी देते. तोकमोकला मात्र मला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. लहान मुलंसुद्धा.

मार्चच्या आठ तारखेला ती मला विद्यापीठात सोडायला निघाली. माझं भाषण होतं. रस्ते खोदलेले होते, म्हणून नकाशासाठी तिने स्वतःच वायर लावली. आपा सोबत नव्हती. पाच महिने मी एक विचार मनातून काढत होतो, तो मागच्या सीटवर बसल्याबसल्या परत आला. हळूच खिशात हात घातला आणि, खोटं कशाला सांगू, तिचा नंबर लावला. कदाचित बदललं असेल. नियम तीन सगळेच पाळतात असं नाही.

"शून्य," गाडीतली बाई म्हणाली. "पाच. पाच. सात." एकेक आकडा ती सावकाश वाचत गेली. पडद्यावर नाव नव्हतं. अनोळखी माणसाचा येतो तसा माझा नुसता नंबर होता.

बेगीमायने शेवटच्या आकड्यापर्यंत थांबून घेतलं.

"आके, तुमचाच दिसतोय," ती म्हणाली. "घेऊ का?"

"राहू दे. चुकून लागला."

"बरं," ती म्हणाली, आणि वळण आलं म्हणून आरशातली नजर काढून घेतली.